दोनशे सत्तर फूट

डेल्फा रेक्सरोड वेळ फुटांत मोजायची.

सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे किती, असं कुणी विचारलं की ती दोन्ही हात समोर धरायची. मध्ये एक फूट अंतर. "एवढा." तेवढ्या वेळात प्रकाश तेवढंच चालतो. तारेतून जाताना तो रखडतो, मग जेमतेम आठ इंच. दरीतल्या दुकानात लोक तिची चेष्टा करायचे. "काय डॉक्टरीणबाई, आज किती फूट उशीर?" आणि ती थांबून, विचार करून, खरा आकडा सांगायची.

ती त्याच दरीतली. बाप लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा. शाळेच्या खिडकीतून रेडिओ दुर्बिणीचं पांढरं ताट दिसायचं, गिरणीच्या छपराच्या मागे, डोंगरापेक्षा थोडं बुटकं. दरीतली हुशार पोरं शिकायला बाहेर जातात आणि नाताळला भेटकार्ड पाठवतात. डेल्फाही गेली. सोळा वर्षांनी परत आली आणि त्या ताटाखाली कामाला लागली. आता ती एकसष्ट वर्षांची होती.

तिचं काम पल्सारांचं. पल्सार म्हणजे मेलेला तारा. सूर्याएवढं वजन, आकार एखाद्या शहराएवढा, आणि गिरक्या सेकंदाला शेकडो. दर गिरकीला एक ठोका आपल्यापर्यंत येतो. डेल्फा ते ठोके मोजायची. तिच्या एका ताऱ्याच्या सोळा वर्षांतल्या सगळ्या गिरक्या तिला ठाऊक होत्या. अंदाजे नव्हे. शेवटच्या गिरकीपर्यंत. हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस हसतो. मग तिच्याकडे बघतो आणि हसायचा थांबतो.

मोजायला यंत्र लागतं. तसं यंत्र विकत मिळत नव्हतं, म्हणून तिनं ते बांधलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सर्किटच्या चौसष्ट पट्ट्या, सोल्डरिंगचा एकेक टाका स्वतः मारून. दोन हिवाळे लागले. यंत्राचं नाव ठेवलं ओना, आत्याच्या नावावरून. ओना आत्यानं दरीतलं टपाल एकतीस वर्षं सांभाळलं आणि एक पत्र इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. यंत्र ओना चौदा वर्षं चाललं. दोन वर्षांपूर्वी ते बंद केलं आणि शेजारच्या खोलीतलं नवं कामाला लागलं. त्याआधी दोघांना काही महिने जोडीनं चालवून मोजणीचा धागा एकाकडून दुसऱ्याकडे दिला. तेही डेल्फानंच केलं.

तिच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांना तिचं एक वाक्य पाठ असायचं. आधी लिही, मग हात लाव. यंत्राला स्पर्श करायच्या आधी नोंदवहीत तारीख, वेळ, कारण. यात तिनं कधी कुणाला माफ केलं नाही. एका पोराला तिनं स्क्रू पिळल्याची नोंद नाही म्हणून तो स्क्रू परत सैल करायला लावला होता, नोंद करायला लावली होती, आणि मग पिळायला.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. अ‍ॅन्सेल्म टिडवेल. एके काळी तिचाच विद्यार्थी, आता ओहायोत प्राध्यापक. अकरा विद्यापीठांतली साठ माणसं मिळून पल्सारांची मोजणी एकत्र करत होती आणि त्या सगळ्या मोजणीची तपासणी अ‍ॅन्सेल्मकडे होती.

"डेल्फा, जरा वाईट बातमी आहे."

"तुझ्याकडे चांगली कधी असते? बोल."

"ओनाच्या वेळेत उडी सापडलीय."

"किती?"

"चारशे बारा अब्जांश. तीस इकडेतिकडे."

"कधीची?"

"अकरा वर्षांपूर्वीची. अकरा एप्रिल आणि चार मे यांच्या मधली. एकेका ताऱ्यात दिसत नव्हती. एकोणीस एकावर एक ठेवले तेव्हा दिसली."

"एकोणीसच्या एकोणीस?"

"सगळ्यांत सारखीच."

डेल्फा हसली. "मग तारे सुटले. एकोणीस तारे एका महिन्यात मिळून कट करत नाहीत. माझ्या यंत्रात काहीतरी झालं."

"ते सगळ्यांना मान्य आहे." पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला. "पण वहीत नोंद नाही."

"असणार."

"मी दोनदा पाहिलं. अकरा एप्रिल, मग थेट चार मे. दोन्ही तुमच्या अक्षरात. मध्ये काही नाही. गुरुवारी तीनला बैठक आहे. आणि नियम..."

"नियम मला सांगू नकोस. मीच लिहिलाय."

नियम असा होता. मोजणीत उडी सापडली आणि तिचं कारण वहीत नसलं, तर त्या उडीच्या आधीचं काही वापरायचं नाही. चार वर्षांपूर्वी डेल्फानंच तो मांडला होता, आणि विरोध करणाऱ्यांना आडवं करून मंजूर करून घेतला होता.

"म्हणजे माझी पहिली पाच वर्षं जाणार," ती म्हणाली.

"पाच वर्षं."

ही माणसं एक लाट शोधत होती. दोन अजस्र कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरतात तेव्हा अवकाशच किंचित ताणलं जातं, सैल होतं. एकदा वर-खाली व्हायला दहा-पंधरा वर्षं. सोळा वर्षांच्या मोजणीत ती लाट दिसायच्या बेताला आली होती. अकरा वर्षांत ती दिसली नसती. जुनी पाच वर्षं अंदाजानं सरकवून जोडायची सोयही नव्हती, कारण मग लाटही त्या सरकवण्यात बुजून गेली असती. उडी किती, ते आकाशाला न विचारता कळायला हवं होतं. जमिनीवरून.

"गुरुवारपर्यंत कारण आणून देते," डेल्फा म्हणाली.

"अकरा वर्षांनंतर? कुठून?"

"तार आहे ती, अ‍ॅन्सेल्म. चारशे बारा अब्जांश म्हणजे दोनशे सत्तर फूट तार. एवढी तार विरघळत नाही. कुठंतरी पडलेली असते."

तिनं फोन ठेवला आणि कोट चढवला.

ओनाची जुनी खोली आता सभागृह झाली होती. घडीच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या. जिच्याखालून तारा जायच्या ती उचलायची फरशी जाऊन तिथं सतरंजी आली होती. डेल्फानं तरी गुडघ्यावर बसून सतरंजीचे कोपरे उचलून पाहिले. मग भांडाराची खोली, मग मागची पत्र्याची शेड. काही नाही. दुपारी ती ओनाच्या पहिल्या वहीकडे वळली. पहिल्याच पानावर, तिच्याच अक्षरात: घड्याळापासून यंत्रापर्यंत ठोक्याची तार, दोनशे तीस फूट, मोजून तीनशे एक्कावन्न अब्जांश.

ही तार महत्त्वाची. घड्याळ वेगळ्या खोलीत असतं. ते दर सेकंदाला एक ठोका तारेतून पाठवतं आणि यंत्र त्या ठोक्यावर भरवसा ठेवून आकाश मोजतं. तार लांबली की ठोका उशिरा पोचतो. यंत्राला काही कळत नाही. ते तितक्याच इमानानं चुकीची वेळ लावत राहतं.

दोनशे तीसच्या जागी दोनशे सत्तर जास्त. म्हणजे पाचशे.

डेल्फानं टेबलावर थाप मारली. तारेचं नवं रीळ पाचशे फुटांचंच येतं. कुणीतरी जुनी तार काढून अख्खं रीळ लावलं होतं. कापलं नव्हतं. उरलेलं वेटोळं फरशीखाली सरकवून दिलं होतं.

आणि चांगली तार कापायला ज्याचा जीव होत नाही, असा दरीत एकच माणूस होता.

हॉबर्ट वायमर चौतीस वर्षं दुर्बिणीचा तंत्रज्ञ होता. ओना बंद झाली त्याच महिन्यात निवृत्त झाला. वाकडे खिळे ठोकून सरळ करून ठेवणारा माणूस. मंगळवारी दुपारी डेल्फाची डिझेलची जुनी गाडी त्याच्या अंगणात शिरली तेव्हा तो सरपण फोडत होता.

"ऑर्फा," त्यानं बायकोला हाक मारली, "कॉफी टाक. डॉक्टरीणबाई आल्यात. तोंडावर काम दिसतंय."

डेल्फा गाडीतून उतरायच्या आधीच बोलायला लागली. "हॉबर्ट, अकरा वर्षांपूर्वी एप्रिलात तू ओनाची ठोक्याची तार बदललीस आणि वहीत लिहिलं नाहीस."

"बरं."

"बरं काय? बदललीस ना?"

"तू म्हणतेस म्हणजे बदलली असणार. आणखी काय काय केलं मी?"

"पाचशे फुटांचं सबंध रीळ लावलंस. कापवलं नाही तुला."

"हे मात्र खोटं नाही हं," खिडकीतून ऑर्फा म्हणाली. "लग्नातल्या भेटींच्या खोक्यांची सुतळी अजून कोठारात आहे. एकेचाळीस वर्षं झाली."

"लागली का नाही ती परवा?" हॉबर्ट म्हणाला.

"टोमॅटोला."

"लागली ना पण!"

डेल्फा हसली नाही. "माझी पाच वर्षं अडकलीत त्यात. गुरुवारी साठ माणसं ती फेकून देणार आहेत. ते रीळ कुठं गेलं, तेवढं सांग."

हॉबर्टनं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. पँटला हात पुसले. "ते रीळ तू दर रविवारी बघतेस."

"मी?"

"ऑर्फाबरोबर बेसबॉल बघतेस ना आमच्याकडे? ते चित्र त्यातूनच येतं." त्यानं हनुवटीनं घरामागची धार दाखवली. खाली दरीत टीव्हीला काही मिळत नाही. म्हणून ज्याला परवडेल तो डोंगराच्या धारेवर अँटेना उभा करतो आणि तिथपासून घरापर्यंत तार ओढतो. "चारशे ऐंशी फूट लागली. वीस वर गुंडाळून ठेवलीत. कापायची कशाला?"

"ती ओनाची तार आहे?"

"फरशी उचकटली तेव्हा खालून निघाली. एक टोक यंत्रात, एक घड्याळात. भंगारात चालली होती. मी मागून घेतली. भंगाराच्या कागदावर सही तुझी आहे."

"मी वाचलं नसेल."

"नसशीलच," हॉबर्ट म्हणाला. "चल वर. कॉफी आल्यावर पिऊ."

तो चौऱ्याहत्तरचा, एक गुडघा गेलेला. तरी पुढे तोच. डेल्फानं गाडीतून मोजणीची पेटी घेतली आणि मागे निघाली. बीचच्या झाडांची पानं पिवळी होऊन खाली पडली होती, पाय सरकत होते. काळी तार झाडाझाडाला टांगत वर गेली होती, दर खोडाशी जुन्या रबरी नळीचा तुकडा, साल खरचटू नये म्हणून. वाटेत डेल्फा बोलत राहिली. काम करताना माणूस घाईत असतो हे तिला समजतं. पण दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो? चौतीस वर्षांत हॉबर्टनं दुसरी अशी चूक केली नव्हती, हेही ती बैठकीत सांगेल. हॉबर्ट मध्ये मध्ये "हं" म्हणत होता.

धारेवर बाभळीचा खांब होता. त्याच्यावर अँटेना, खाली वीस फुटांचं वेटोळं. हॉबर्टनं टोकावरची काळी चिकटपट्टी नखानं सोडवायला घेतली. एक वेढा, दुसरा, तिसरा. खालून एक पांढरी पट्टी निघाली. कडा पिवळ्या पडलेल्या. अक्षर जसंच्या तसं.

"वाच," तो म्हणाला.

आजच्यापुरती. सोमवारी कापायची. २२ एप्रिल, सायं. ६:१०. डे. रे.

डेल्फानं ती एकदा वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. वारा होता. अँटेना थोडा कुरकुरला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"दोन वर्षं. वाऱ्यानं अँटेनाचं तोंड फिरलं की मला वर यावं लागतं. आलो की जोडणीही उघडून बघतो, आणि वाचतो. करमणूक म्हणून."

"आणि खाली अंगणात गप्प बसलास?"

"सांगितलं असतं तर तू अजून तासभर भांडली असतीस. म्हटलं, स्वतःच्या अक्षरापुढं काही बोलणार नाही."

"आधी कधी का नाही बोललास? दोन वर्षांत?"

हॉबर्टनं तिच्याकडे पाहिलं. त्याला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "मला वाटलं, वहीत असेल. तुझी वही, डेल्फा. त्यात नाही असं कुणाच्या मनात येईल?"

ती खांबाला टेकून खाली बसली. आणि मग तो शनिवार तिला आठवला. सगळाच, एकदम.

एप्रिलातला चौथा शनिवार म्हणजे अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये रानलसणीचं जेवण. डुकराच्या चरबीत परतलेली लसूण, बटाटे, घेवडा, मक्याचा पाव. सगळी दरी तिथं असते आणि पुढचे तीन दिवस सगळ्या दरीला वास येतो. त्या दिवशी हॉबर्ट कमरेला फडकं बांधून घेवडा वाढत होता. त्याची हत्यारं त्याच्या ट्रकमध्ये, ट्रक हॉलच्या दारात. आणि इकडे उंदरानं तार कुरतडली होती. ओनाचा ठोका अडखळत होता. पहिला तारा सहा चाळीसला उगवणार होता. नव्या रिळाला दोन्ही टोकांना कारखान्याचीच जोडणी होती. कापलं तर नवी जोडणी बसवावी लागली असती, आणि ती बसवायचा चिमटा घेवड्याच्या पातेल्यापाशी. डेल्फानं अख्खं रीळ लावलं. ठोका सुधारला. आजच्यापुरती, असं तिनं पट्टीवर लिहिलं. लिहिलं म्हणून तिला लिहिल्यासारखं वाटलं. मोजणी सुरू झाल्यावर ती हॉलवर गेली, दोनदा वाढून घेतलं, आणि सोमवारी यंत्र छान चाललेलं होतं. छान चाललेल्या यंत्राच्या फरशीखाली कोण डोकावतं?

"मी तुला वाट्टेल ते बोलले," ती म्हणाली.

"अंगणात थोडं. चढणीवर जास्त."

"चुकले."

"हं." हॉबर्टनं हात पुढे करून तिला उठवलं. "आता मोजायची का नुसतीच बसायचंय?"

मोजणं सोपं होतं. तारेच्या एका टोकातून ठोका सोडायचा. दुसरं टोक मोकळं असलं की ठोका तिथं आपटून परत येतो, विहिरीत हाक मारल्यासारखा. जायला-यायला लागलेला वेळ निम्मा केला की झालं. हॉबर्टनं वरचं टोक अँटेनापासून सोडवलं. तारेच्या सालीवर दर दोन फुटांना छापील आकडा होता. या टोकाला पाचशे. डेल्फा खाली उतरली. घराच्या भिंतीपाशी दुसरं टोक. त्याच्यावर शून्य. एक इंचही कुणी कापला नव्हता.

तिनं टीव्हीतून तार काढली आणि आतून ऑर्फाचा आवाज आला.

"अगं, गेलं! चित्र गेलं! नेमकं आत्ताच जायचं होतं?"

"दोन मिनिटं, ऑर्फा!"

"दोन मिनिटांत तिघं बाद होतात!"

सातशे अडुसष्ट. त्यातून जुन्या तारेचे तीनशे एक्कावन्न गेले. चारशे सतरा उरले. आकाश म्हणत होतं चारशे बारा, तीस इकडेतिकडे. अकरा वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळचा धागा टीव्हीच्या मागे सापडला होता आणि दोन्ही आकडे एकमेकांशेजारी बसत होते. डेल्फानं ते दहा वेळा मोजलं. दहाही वेळा तेच. तोपर्यंत कॉफी गार झाली होती आणि तिघं बाद झाले होते.

बुधवारी सकाळी तिनंच अ‍ॅन्सेल्मला फोन केला. सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. पट्टीवरचा मजकूर दोनदा वाचून दाखवला.

"तुम्ही?" तो म्हणाला. "तुम्ही लिहिलं नाही?"

"मी."

"मला तुम्ही स्क्रू सैल करायला लावला होता."

"तो तू होतास होय?"

"डेल्फा!"

"बरं, पुढे बोल. काय अडतंय?"

"नियमात वही म्हटलंय. चिकटपट्टी नाही म्हटलेलं. आणि चूक करणारीच मोजणारी, हे लोकांना चालणार नाही."

"मलाही चालणार नाही. मी सूट मागत नाहीये. उद्या सकाळी तू ये. तार तू मोज, पट्टी तू वाच, आणि तीन वाजता साठ जणांना काय सांगायचं ते तू ठरव. पटलं नाही तर पाच वर्षं टाकून दे. मी एक शब्द बोलणार नाही."

"तुम्ही गप्प बसणार?"

"बैठकीपुरती."

गुरुवारी अकराला अ‍ॅन्सेल्म आला. सहा तास गाडी चालवून. पायात शहरी बूट. ऑर्फानं ते बघून हॉबर्टचे जुने बूट त्याच्यापुढे टाकले. तो वर गेला, पट्टी वाचली, तिचा फोटो काढला. तारेबरोबर एकेक झाड करत खाली आला आणि सालीवरचे आकडे शेवटपर्यंत वाचत राहिला. मग पेटी उघडली. डेल्फा पडवीत खुर्चीवर बसली होती, हात मांडीखाली.

"सातशे अडुसष्ट," तो म्हणाला.

"आता वरच्या टोकानं."

"जुळलं की, डेल्फा."

"एका बाजूनं जुळलं. वरच्या टोकाची जोडणी खराब असेल तर? मी 'सोमवारी करू' म्हणून विसरणारी बाई आहे हे कळलंय ना तुला आता?"

अ‍ॅन्सेल्मनं धारेकडे पाहिलं. हॉबर्टकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतोस?" हॉबर्ट म्हणाला. "मी तिच्याबरोबर पंचवीस वर्षं काढलीत. जा वर."

तो पेटी घेऊन पुन्हा वर गेला. अर्ध्या तासानं वरून हाक आली. वाऱ्यात विरलेली, पण आकडा कळला. तोच होता.

जेवायला घेवडा आणि मक्याचा पाव होता, वर सफरचंदाचा मुरंबा. अ‍ॅन्सेल्मनं तीनदा घेतलं. तीन वाजता त्यांनी ऑर्फाच्या स्वयंपाकघरातल्या फोनवरून बैठक लावली, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. अकरा विद्यापीठं एकेक करून हजर झाली. अ‍ॅन्सेल्म उभा राहून बोलला, समोर कुणी नसताना. तार कुठं सापडली, ते सांगितलं. टीव्हीचं सांगितलं तेव्हा कॅनडातून कुणीतरी खोकलं. दोन्ही टोकांनी मोजलं ते सांगितलं. मग म्हणाला, "चारशे सतरा. मी स्वतः मोजलंय. नोंद वहीत नाही, पण त्या वेळी, त्या हातानं, त्या तारेवर लिहिलेली आहे. माझ्या मते पाच वर्षं घ्यावीत. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते मात्र..."

त्यानं डेल्फाकडे पाहिलं. तिनं एका कागदावर लिहून तो पुढे सरकवला. अ‍ॅन्सेल्मनं वाचून दाखवला. "डेल्फा रेक्सरोडनं तात्पुरती तार लावली, वहीत लिहिलं नाही, आणि ती विसरली."

"असंच छापायचं?" टेक्ससमधून एकानं विचारलं.

डेल्फानं मान डोलावली. ती फोनला दिसणार नाही हे तिच्या लक्षात आलं नाही. अ‍ॅन्सेल्म म्हणाला, "असंच."

मतं घ्यायला वेळ लागला नाही. एकेक विद्यापीठाचं नाव, एकेक "हो". एकानं "बरं, हो" म्हटलं. पाच वर्षं आत आली. हॉबर्टनं टेबलाखालून डेल्फाच्या बुटाला बूट लावला.

मग एक नवा आवाज आला. तरुण बाई, पश्चिम किनाऱ्यावरची. "एक शंका आहे. अशा आजच्यापुरत्या तारा तिकडे आणखी किती आहेत?"

डेल्फानं शब्द दिला होता, बैठकीपुरता. तिनं अ‍ॅन्सेल्मकडे पाहिलं. त्यानं फोन तिच्याकडे सरकवला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "सोमवारी आमच्या सगळ्या फरश्या उचकटतोय. तुम्हीपण तुमच्या उचकटा."

अकरा विद्यापीठं, साठ माणसं. नुसती खरखर.

मग कॅनडातला माणूस घसा साफ करत म्हणाला, "आमच्याकडे एक आहे. बहुतेक. निळी."

"आमच्याकडे दोन," टेक्सस म्हणालं.

"थांबा," डेल्फा म्हणाली, आणि ऑर्फाच्या किराण्याच्या यादीमागून पेन्सिल ओढली. "एकेक जण बोला. आधी तारीख सांगा."